औषध तेच, मात्रा निराळी का?

कॅन्सरच्या रुग्णाला घेऊन बार्शी, सोलापूर किंवा मुंबईला जाणाऱ्या नातेवाइकांच्या मनात एक शंका हमखास येते. शेजारच्या खाटेवरील बाईंना सलाईनमधून पाचशे मिलिग्रॅम औषध दिले, आपल्या आईला मात्र तीनशेच. आजार तोच, औषध तेच, मग आपल्यालाच कमी का?

याचे उत्तर मूत्रपिंडात, म्हणजेच किडनीत आहे. अंडाशयाच्या कॅन्सरवर वापरले जाणारे कार्बोप्लॅटिन हे औषध बहुतांशी लघवीवाटे बाहेर पडते. किडनी मंद असेल तर ते रक्तात जास्त वेळ राहते आणि अस्थिमज्जेवर आघात करते. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटतात, जंतुसंसर्ग व रक्तस्राव जिवावर बेततो. उलट किडनी जोमदार असेल तर औषध लवकर निघून जाते आणि रोगावर पुरता मारा होत नाही.

म्हणून इंग्लंडमधील डॉ. कॅल्व्हर्ट व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एक सोपे सूत्र मांडले. किडनी दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते तो आकडा घ्यायचा, त्यात २५ मिळवायचे आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या लक्ष्यांकाने गुणायचे. किडनीचा आकडा वय, वजन, स्त्री की पुरुष आणि रक्तातील क्रिएटिनीन यांवरून काढता येतो.

समजा, दोघी बायकांचे क्रिएटिनीन १ आहे व लक्ष्यांक ५ आहे. साठ वर्षांच्या, ४० किलोच्या आजींची किडनी मिनिटाला सुमारे ३८ मिलिलिटर गाळते. त्यांची मात्रा ३१५ मिलिग्रॅम येते. चाळीस वर्षांच्या, ६५ किलोच्या बाईंचा आकडा ७७ व मात्रा ५१० येते. क्रिएटिनीनचा रिपोर्ट सारखाच, पण आजींना ५१० दिले तर औषधाचा मारा दीडपटीहून अधिक होईल! कृश माणसात स्नायू कमी असल्याने क्रिएटिनीनही कमी तयार होते. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल' एवढ्यावर विसंबून चालत नाही.

आपल्या भागाला हा विषय जवळचा आहे. बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीत भूम, परांडा व बार्शी तालुक्यांतील गावे घेण्यात आली. तिथल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर मोठ्या प्रमाणावर आढळला. हा रोग वाढला की मूत्रवाहिन्या दाबल्या जातात व किडनी निकामी होऊ लागते. त्यावर दिले जाणारे सिस्प्लॅटिन तर किडनीलाच इजा करू शकते. त्यामुळे ते देण्यापूर्वी किडनीची तपासणी होते व औषधासोबत भरपूर सलाईन देतात.

नातेवाइकांनी एवढे करावे. प्रत्येक वेळी रुग्णाचे वजन करून घ्यावे. मागच्या महिन्याचे वजन अंदाजाने सांगू नये. उलट्या, जुलाब झाले असतील, लघवी कमी होत असेल किंवा पायावर सूज असेल तर औषध चढण्यापूर्वीच सांगावे. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या, काढे, भस्मे लपवू नयेत; यांतील काही किडनीला घातक ठरतात. घरी आल्यावर १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आल्यास सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणि शेजारच्या खाटेशी तुलना करू नये. 'आमची मात्रा कशावरून ठरवली?' असे डॉक्टरांना जरूर विचारावे. तो रुग्णाचा हक्क आहे.