पेटी गप्प झाली तर आधी काय बघायचं?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आधी मागच्या मे महिन्यातली गोष्ट सांगते. आमच्या गटाने कसायला घेतलेल्या केळीच्या तुकड्यात एक छोटी पेटी बसवली आहे. मातीत खोचलेला सेन्सर ओल मोजतो. माती कोरडी पडली की पेटीतून आमच्या मोबाईलवर मेसेज येतो, आणि जिची पाळी असेल ती जाऊन ठिबक सुरू करते. आमच्याच गावच्या मुलींनी शाळेत शिकून ही पेटी जोडून दिली. ती आल्यापासून आमची रोजची फेरी सुटली होती.

मे महिन्यात तीन दिवस मेसेज आला नाही. आम्ही म्हटलं, ओल असेल. चौथ्या दिवशी एक काकू सहज बागेत गेल्या, तर पानं खाली मिटलेली आणि कडा करपलेल्या. झाडं निसवणीला आली होती, नेमक्या त्याच वेळी पाण्याचा ताण बसला. पुढे त्या ओळींतले घड बारीक निघाले.

पेटी दुरुस्तीला नेली, तर उत्तर मिळालं, “बोर्ड जळाला, नवीन घ्या.” मुली म्हणाल्या, थांबा, आधी आम्ही बघतो. तासाभरात दोष सापडला. बोर्ड धडधाकट होता, एक वायर सैल झाली होती. म्हणून आज हेच सांगायचं ठरवलं, की पेटी गप्प झाली तर कोणत्या क्रमाने बघायचं.

आधी पेटीत काय असतं ते समजून घेऊ. मुख्य दोन वस्तू. एक म्हणजे अर्डुइनो उनो नावाचा बोर्ड. हा प्रकार २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी निघाला आणि आता शाळाशाळांत पोचला आहे. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीची मुलं त्यावरच हात बसवतात. दुसरी वस्तू म्हणजे सिमकार्ड घालायचं मॉड्यूल. आमच्याकडे सिम ८००एल आहे. बोर्ड ओल मोजून ठरवतो आणि मॉड्यूल निरोप पोचवतं. या दोघांचं आपसातलं बोलणं तुटलं, की निरोप येत नाही.

या बोलण्याला सिरियल म्हणतात, म्हणजे एकामागून एक. विहिरीवरून हंडे हातोहात पुढे द्यावेत तसं एकेक अक्षर वायरीतून पुढे जातं. बोर्डावर टीएक्स म्हणजे तोंड आणि आरएक्स म्हणजे कान. मॉड्यूलवरही तसंच.

आता लक्षण ओळखायचं. तापाच्या माणसाला आपण विचारतो ना, थंडी वाजते का, खोकला आहे का? इथेही तीनच प्रकार धरा. पहिला, पेटी पूर्ण गप्प. दुसरा, पेटी बोलते पण चौकटी, प्रश्नचिन्हं असं अगम्य काहीतरी. तिसरा, बोलायला लागते आणि मधेच पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

हे दिसण्यासाठी बोर्ड लॅपटॉपला जोडून सिरियल मॉनिटर नावाची खिडकी उघडायची. लॅपटॉप नसेल तर ओटीजी केबलने मोबाईललाही जोडता येतो. त्यासाठी मोबाईलमध्ये सिरियल टर्मिनलचं ॲप घ्यावं लागतं.

इथेच पहिली फसगत होते, केबलची. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, माहिती नेणाऱ्या तारा त्यांत नसतातच. बोर्डाचा दिवा लागतो, पण लॅपटॉपला बोर्ड दिसत नाही. म्हणून आधी केबल बदलून बघा. स्वस्त बोर्डावर बहुतेक वेळा सीएच-३४० नावाची चिप असते. तिचा ड्रायव्हर लॅपटॉपमध्ये नसेल तरीही असंच होतं.

केबल ठीक असेल तर बोर्डाचा लॅपटॉपशी रस्ता तपासायचा. आपण विहिरीत हाक मारतो आणि तीच हाक परत ऐकू येते, तसंच करायचं. मॉड्यूलच्या वायरी काढून ठेवा. एका वायरीने बोर्डाचा रिसेट जीएनडीला जोडा, म्हणजे बोर्डाचा मेंदू झोपतो. दुसऱ्या वायरीने ० आणि १ नंबरच्या पिना एकमेकींना जोडा. आता खिडकीत काहीही टाइप करा. तेच परत दिसलं तर केबल आणि लॅपटॉपकडचा रस्ता चांगला. दोष पुढे आहे. झाल्यावर दोन्ही वायरी आठवणीने काढा.

आता मॉड्यूलकडे वळू. पूर्ण गप्प असेल तर तोंड-कान बघा. बोर्डाचा टीएक्स मॉड्यूलच्या आरएक्सला आणि बोर्डाचा आरएक्स मॉड्यूलच्या टीएक्सला हवा. पुष्कळ जणी टीएक्सला टीएक्स जोडतात, कारण नाव सारखं दिसतं. पण दोघींनी तोंडाला तोंड लावलं तर ऐकणार कोण? आणखी एक गोष्ट. बोर्ड ५ व्होल्टने बोलतो आणि या मॉड्यूलला साधारण २.८ व्होल्टची सवय. म्हणून बोर्डाच्या टीएक्सपासून येणाऱ्या वायरीवर रेझिस्टर लावून दाब कमी करतात. ते नसतील तर मॉड्यूल हळूहळू बिघडू शकतं.

मॉड्यूलच्या वायरी बोर्डाच्या ० आणि १ या पिनांना लावल्या असतील तर नवा प्रोग्राम चढत नाही, कारण त्याच पिना लॅपटॉपशी बोलतात. एका टेलिफोनवर तिघी बोलायला लागल्यासारखं होतं. आमच्या मुलींनी मॉड्यूल ७ आणि ८ नंबरला घेतलं आणि सॉफ्टवेअर सिरियल वापरलं.

यानंतर जीएनडी, म्हणजे ग्राउंडची वायर. आमची बाग हिनेच करपवली. समजा दोघी विहिरीतलं पाणी मोजतात. एक कठड्यापासून मोजते, दुसरी जमिनीपासून. दोघींचे आकडे जुळतील का? मोजायची जागा एकच हवी. व्होल्टचंही तसंच. ५ व्होल्ट म्हणजे कशाच्या वर ५, हे ग्राउंडवरून ठरतं. आमच्या पेटीत बोर्डाला एक वीज आणि मॉड्यूलला वेगळी वीज आहे. दोन्हींचे ग्राउंड जोडणारी वायर उन्हातान्हात आणि हादऱ्याने सैल झाली. दोघांचे दिवे लागत होते, पण एकमेकांचं बोलणं कळत नव्हतं. मुलींनी मल्टिमीटरचा बीप लावून बघितला. बाकी सगळीकडे वाजला, तिथे वाजला नाही. दिवा लागतो म्हणजे सगळं चालू आहे, असं धरू नका.

दुसरं लक्षण, अगम्य अक्षरं. हे बहुतेक वेळा वेगाचं भांडण असतं. जात्यावर दोघी बसल्या तर हात एका लयीत फिरावा लागतो. तसं बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा वेग एकच हवा. या वेगाला बॉड रेट म्हणतात. नेहमीचा वेग ९६००. एका अक्षराला १० ठोके लागतात, एक सुरुवातीचा, आठ अक्षराचे, एक शेवटचा. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. एक ९६०० ने बोलली आणि दुसरी ४८०० ने ऐकायला बसली, तर दोन ठोके तिला एकच वाटतात आणि अक्षर बिघडतं. प्रोग्राममध्ये लिहिलेला आकडा आणि खिडकीच्या कोपऱ्यातला आकडा सारखा करा.

वेग जुळला की मॉड्यूलला हाक मारायची. ‘एटी’ ही दोन इंग्रजी अक्षरं पाठवली की ‘ओके’ असं उत्तर यायला हवं. उत्तर नाही आलं तर खिडकीत खाली ओळ संपवण्याचा पर्याय असतो, तिथे ‘बोथ एनएल अँड सीआर’ निवडा. बोलणं संपल्याची खूण मिळेपर्यंत मॉड्यूल वाट बघत बसतं.

तिसरं लक्षण, मधेच पुन्हा सुरू होणं. हे विजेचं दुखणं. या मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. एरवी ते थोडक्यात भागवतं, पण नेटवर्कशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. बोर्डाच्या पिनेतून एवढं मिळत नाही. मग ऐन मेसेजच्या वेळी मॉड्यूल बंद पडून पुन्हा सुरू होतं. म्हणूनच मॉड्यूलला वेगळी वीज देतात, आणि म्हणूनच ती ग्राउंडची वायर लागते.

‘ओके’ येतं पण मेसेज जात नाही, असंही होतं. तेव्हा मॉड्यूलवरचा छोटा दिवा बघा. सेकंदा-सेकंदाला लुकलुकत असेल तर ते नेटवर्क शोधतं आहे. तीन सेकंदांनी एकदा लुकलुकला तर नेटवर्क मिळालं. हे मॉड्यूल फक्त २जी वर चालतं, म्हणून जिओचं सिम त्यात चालत नाही. रिचार्ज संपलं नाही ना, तेही बघा. हसू नका, आमच्याकडे एकदा तेच झालं होतं.

आता शेतातली खास अडचण. आम्हाला वाटलं, बोर्ड विहिरीजवळच्या खोलीत ठेवू, मॉड्यूल बाहेर खांबावर लावू आणि मधे ४० मीटर वायर ओढू. घरात नीट चाललं, शेतात मोटर सुरू झाली की अगम्य अक्षरं. हे बोलणं हातभर अंतरासाठी आहे, फार तर मीटर-दोन मीटर. लांब वायर मोटरचा गोंगाट उचलते. खरंच लांब न्यायचं असेल तर आरएस-४८५ नावाची पद्धत आहे, ती १२०० मीटरपर्यंत नेता येते. आम्ही सोपं केलं, दोन्ही वस्तू एकाच पेटीत बागेत नेल्या.

हे सगळं तपासताना एक नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला, बघा, आणि वहीत लिहा. चार वायरी एकदम हलवल्या आणि पेटी चालू झाली, तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. आमच्या बचतीच्या वहीच्या मागच्या पानांवर आता पेटीचा हिशेब असतो.

आणि एक इशारा. हे सगळं पेटीपुरतं. पंपाच्या स्टार्टरमध्ये थ्री फेजची जीवघेणी वीज असते. तो उघडायचा नाही, तिथे वायरमनच हवा.

कोणी म्हणेल, बायकांना हे जमेल का? पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. गावातल्या मुलामुलींनी हाताने काम करत शिकावं, ही त्यांची धारणा. २००२ साली तिथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेबाहेरच्या जगातल्या पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. तेही गावच होतं. आणि वायर सैल आहे का हे बघायला इंजिनियर लागत नाही, ती हलवून बघणारा हात लागतो.

आमची शेवटची दुरुस्ती मात्र वायरीची नव्हती. आम्ही तीन दिवस फसलो, कारण मेसेज न येणं म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही मानलं. आता मुलींनी प्रोग्राम बदलला आहे. पेटी रोज सकाळी सात वाजता ओलीचा आकडा पाठवते, माती ओली असो की कोरडी. सात वाजता मेसेज आला नाही, तर जिची पाळी असेल ती आठच्या आत बागेत जाते. आधी हाताने माती दाबून बघते, लागलं तर पाणी सोडते, आणि मगच पेटी उघडते.

तुमच्या गटात अशी पेटी असेल तर तिलाही रोज एकदा बोलायला लावा. राम राम.