एका तुकड्याचे दोन वाचक

भाकरीचा घास छातीत अडकू लागतो तोपर्यंत अन्ननलिकेचा कर्करोग बहुधा बराच पुढे गेलेला असतो, कारण ही नळी ताणली जाणारी असल्यामुळे तिचा मार्ग पुष्कळ अरुंद झाल्याखेरीज गिळताना त्रास जाणवत नाही. अगदी सुरुवातीच्या अवस्थेतला रोग म्हणून क्वचितच सापडतो, आणि सापडतो तेव्हा त्याचे निदान तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यावर ठरते. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या रुग्णाला दुर्बिणीने तपासून ‘तुकडा काढून पाठवला आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा त्या तुकड्यात एकच ठाम उत्तर आहे आणि ते यंत्रातून छापून येणार आहे, असे त्याच्या घरच्यांना वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात ते उत्तर म्हणजे एका प्रशिक्षित माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली केलेले वाचन असते, आणि तीच काच, म्हणजे तुकड्याचा पातळ काप बसवलेली काचपट्टी, दुसरा तितकाच जाणता विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट, वेगळी वाचू शकतो.

हा फरक कळण्यासाठी अन्ननलिकेची भिंत समजून घ्यावी लागते. सर्वांत आत पेशींचे अस्तर, त्याखाली सैल ऊतीचा पातळ थर, मग स्नायूतंतूंची एक बारीक पट्टी, तिच्याखाली रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्यांनी भरलेला सबम्युकोसा आणि त्यापलीकडे जाड स्नायू, अशी तिची रचना आहे. पेशींची ठेवण बिघडली असूनही त्या अस्तराच्या आतच असतील तर त्या अवस्थेला डिस्प्लेसिया म्हणतात, आणि अस्तराचा पाया ओलांडून त्या खाली शिरल्या की तो पसरू शकणारा कर्करोग ठरतो. बारीक स्नायूपट्टीच्या आत राहिलेली गाठ पुष्कळदा दुर्बिणीतूनच सोलून काढता येते. ती सबम्युकोसात उतरली की मात्र लसिकाग्रंथींत रोग पोचण्याची शक्यता झपाट्याने वाढते आणि अन्ननलिका काढण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा किंवा किरणोपचार व केमोथेरपीचा विचार करावा लागतो. भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या चपट्या पेशींच्या, म्हणजे स्क्वेमस, कर्करोगात सबम्युकोसातील २०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग, एवढी खोली महत्त्वाची सीमा मानली जाते. एवढ्याशा अंतरात घोटाळा होतो तो पुष्कळदा ऊतीमुळेच, कारण दाहाने सुजलेल्या पेशी कर्करोगासारख्या दिसतात, ग्रंथींच्या नळीतून खाली उतरलेले बिघडलेले अस्तर खोल शिरकावासारखे भासते, आणि काप घेण्यासाठी मेणात बसवताना तुकडा तिरका बसला तर जागच्या जागी असलेले अस्तरही आत घुसल्यासारखे दिसते.

दोन वाचकांचे किती जुळते हे नुसत्या टक्केवारीत सांगणे फसवे असते. समजा, दोघांनी १०० काचा न पाहताच आपापल्या मनाने त्यांतील ९० काचांवर ‘कर्करोग नाही’ असे लिहिले, तरी निव्वळ योगायोगाने सुमारे ८२ काचांवर त्यांचे एकमत होईल. हा योगायोग वजा करून उरलेले एकमत मोजण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये कप्पा हा निर्देशांक मांडला, ज्यात शून्य म्हणजे योगायोगाइतकेच एकमत आणि एक म्हणजे पूर्ण एकमत. जठरातील आम्ल वारंवार वर येऊन अन्ननलिकेच्या अस्तराचे रूप पालटते त्या बॅरेट विकारावरच्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पचनसंस्थेच्या १२ पॅथॉलॉजिस्टांचा कप्पा तीव्र डिस्प्लेसिया व कर्करोग यांच्या गटात ०.६५ होता; सौम्य डिस्प्लेसियात तो ०.३२ आणि ‘अनिश्चित’ गटात ०.१५ इतका खाली आला. हे आकडे या विषयातल्या जाणकारांचे आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. नेदरलँड्समधल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॅरेट विकारातील सौम्य डिस्प्लेसियाचे निदान झालेल्या १४७ रुग्णांच्या काचा तज्ज्ञांनी पुन्हा वाचल्या, तेव्हा ८५ टक्के निदाने खालच्या पायरीवर आली. ज्या थोड्यांचे निदान कायम राहिले त्यांच्यात मात्र रोग पुढे जाण्याचे प्रमाण वर्षाला १३.४ टक्के होते, आणि उरलेल्यांत ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास होते.

कधी मतभेद नजरेचा नसतोच, तो व्याख्येचा असतो. पेशींची केंद्रके आणि त्यांची मांडणी पाहून जपानी पॅथॉलॉजिस्ट ज्याला कर्करोग म्हणत, त्यालाच पाश्चात्त्य पॅथॉलॉजिस्ट, पेशी अस्तराबाहेर शिरल्याचा पुरावा नाही म्हणून, तीव्र डिस्प्लेसिया म्हणत. १९९८ मध्ये व्हिएन्ना येथे दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांच्या सहमतीने घडलेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात या दोन्ही नावांना एकाच गटात बसवले गेले, कारण दोहोंसाठी उपचार जवळजवळ सारखेच असतात.

शहापूर आणि मुरबाडच्या दृष्टीने या साऱ्याचा संबंध तुकड्याने आणि रुग्णाने कापायच्या अंतराशी येतो. तुकडा काढल्याबरोबर पुरेशा फॉर्मलिनमध्ये टाकला नाही, तर पेशी आपोआप विरघळू लागतात, आणि मग मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या निष्णात डोळ्यांनाही त्यातून खात्रीने काही सांगता येत नाही. वाचनाची सुसंगती अशी दुर्बिणीच्या खोलीतल्या बाटलीपासूनच सुरू होते. आसनगावहून लोकल धरणारा शहापूरचा रुग्ण किंवा आधी एसटीने कल्याण गाठणारा मुरबाडचा रुग्ण या रुग्णालयात येतो, तेव्हा बाहेरच्या काचा व मेणाचे ब्लॉक मागवून त्यांचे तेथे पुन्हा वाचन होते. या रुग्णालयाची स्थापना १९४१ सालची असून तेथील विकृतिशास्त्राचा पाया डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घातला. पुन्हा वाचायची म्हणताच काही घरांत पहिल्या डॉक्टरांविषयी शंका उभी राहते आणि ती अनाठायी असते, कारण अवघड काच दुसऱ्याला दाखवणे हा या शास्त्रातला रोजचा शिरस्ता आहे. उलट, सबंध अन्ननलिका काढण्याचा निर्णय एकाच वाचनावर घेतला जाणे, हीच खरी चिंतेची बाब मानली पाहिजे.

मेणात बसवलेली ऊती खोलीच्या तापमानात वर्षानुवर्षे टिकते. पहिला अहवाल, काचा आणि ब्लॉक रुग्णाबरोबर असले, तर पुढे दुर्बिणीतून सोलून काढलेली गाठ तपासताना पॅथॉलॉजिस्टला ती जुन्या तुकड्याच्या शेजारी ठेवून पाहता येते, त्याच ब्लॉकचे नवे काप घेता येतात आणि स्नायूपट्टी ठळक करणारे विशेष रंजन करून ती ओलांडली गेली की नाही हे पुन्हा तपासता येते.