घर पाहावं विकून!

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण म्हण करणाऱ्याकडून एक गोष्ट राहूनच गेली. घर पाहावं विकून! आणि तेही एजंटशिवाय!

पुण्या-मुंबईत जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात एजंट साधारण 1 ते 2 टक्के दलाली घेतो. 60 लाखांवर 2 टक्के म्हणजे 1 लाख 20 हजार रुपये. एवढे पैसे कशाला द्यायचे, म्हणून मालक पेपरात छोटी जाहिरात देतो, शेवटी 'एजंट क्षमस्व' टाकतो आणि फोनची वाट बघत बसतो. फोन येतात, पण त्यात बरेचसे एजंटच! मग घोडं अडतं कुठे?

पहिलं कारण किंमत. आपला तो बाब्या! काहनमन, क्नेच आणि थेलर यांनी 1990 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कॉर्नेल विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग फुकट दिले आणि विकायला सांगितले. घेणारे जेवढे द्यायला तयार होते, त्याच्या साधारण दुप्पट किंमत मगवाल्यांनी मागितली! साध्या मगचं हे, तर जिथे मुलं लहानाची मोठी झाली त्या घराचं काय होणार? किंमत जास्त लागली की गिऱ्हाईक फिरकत नाही. चार-सहा महिने गेले की लोक म्हणतात, "इतके दिवस पडून आहे, काहीतरी भानगड असणार." मेंटेनन्स मात्र दर महिन्याला भरावाच लागतो.

दुसरं कारण माहिती. मालक जुन्या करारातला सुपर बिल्ट-अप आकडा लिहितो, 1000 चौरस फूट. घेणारा विचारतो कार्पेट. ते निघतं 700. झालं, विश्वास तिथेच उडाला! 'हवेशीर, प्रशस्त' वाचून कोणी येत नाही. पाणी किती वेळ येतं, पार्किंग आहे का, कर्ज फिटलंय का, हे लोकांना हवं असतं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घर बघायला आलेला माणूस मालकासमोर खरं बोलत नाही. चहा पितो, "छान आहे, कळवतो" म्हणतो आणि जातो. "किचन अंधारं आहे, भाव जास्त आहे" हे तो खाली उतरल्यावर एजंटला सांगतो. एजंट नसेल तर हे मालकापर्यंत पोहोचतच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ही ओपन लूप सिस्टीम झाली. आउटपुट चुकतंय, पण फीडबॅकच नाही, मग दुरुस्ती कशी होणार?

म्हणजे एजंटशिवाय जमतच नाही का? तसं नाही. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरातल्या घरविक्रीवर 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतः घर विकणाऱ्यांना भाव कमी मिळाला नव्हता, पण वेळ जास्त लागला आणि काहींना शेवटी एजंट गाठावाच लागला.

तेव्हा तुमच्या घरी असा विषय निघाला, तर आई-बाबांना तीन गोष्टी सांगा. भाव शेजाऱ्यांच्या गप्पांवरून नको, त्याच बिल्डिंगमध्ये नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या 'इंडेक्स टू'वरून ठरवा. जाहिरातीत कार्पेट एरिया टाका. आणि आधी एखाद्या तोंडावर बोलणाऱ्या मित्राला घर दाखवा. तो जे बोलेल ते कडू लागेल, पण फीडबॅक म्हणतात तो हाच!