आंबा-चक्क्याचे गार थर

घरी चार माणसे जेवायला यायची म्हटली की बाहेर गप्पा रंगतात आणि गृहिणी मात्र कढईपाशी! म्हणून निदान गोडाचे काम तरी आदल्या रात्रीच उरकलेले बरे. शाळा आणि स्वयंपाक दोन्ही सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला तर हे फारच सोयीचे पडते. हा थरांचा पदार्थ त्यासाठीच. याला ना ओव्हन लागतो, ना पाक करावा लागतो.

सहा जणांसाठी साहित्य: पाव किलो ताजा, आंबट नसलेला चक्का, 100 मिलिलिटर फ्रेश क्रीम, 3 मध्यम हापूस आंबे, 15-16 मारी बिस्किटे, अर्धी वाटी पिठीसाखर, पाऊण वाटी तापवून गार केलेले दूध, थोडी वेलदोड्याची पूड.

चक्का कशाला, असे कुणी विचारील. इंग्रजी ट्रायफलवर फेटलेल्या क्रीमचा थर असतो. पण आपल्याकडे सहज मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश साधारण 25 टक्के असतो आणि क्रीम घट्ट फेटले जायला तो निदान 30 टक्के तरी लागतो. त्यामुळे हात भरून येतात, क्रीम मात्र पातळच! चक्क्यातले पाणी आधीच निथळलेले असते, म्हणून थर बसतो.

चक्का व साखर एकत्र करून चाळणीतून गाळून घ्या. त्यात अगदी गार क्रीम आणि वेलदोड्याची पूड हलक्या हाताने मिसळा. आंब्याच्या लहान फोडी करा. रस घालू नका, तो थरांतून खाली ओघळतो. बिस्कीट दुधात बुडवून लगेच बाहेर काढा. रेंगाळलात तर लगदा झालाच म्हणून समजा. काचेच्या भांड्यात बिस्किटे, चक्का, फोडी असे दोनदा थर लावा. थोडा चक्का राखून ठेवून तो सर्वांत वर पसरा. भांडे झाकूनच फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर कांद्यालसणाचा वास लागलाच! सहा-सात तासांत बिस्किटे मऊ होतात आणि चमच्याने अलगद वाढता येते.

आंबे संपले तरी अडत नाही. थंडीत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी घ्या, पण फोडींवर साखर भुरभुरू नका. साखरेने फळाला पाणी सुटते. कच्चा अननस, पपई आणि किवी मात्र यात नकोत. त्यांच्यातली पाचकद्रव्ये दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतात. चक्का सैल पडतो आणि कडवट लागतो. अननस हवाच असेल तर फोडी थोड्या साखरेबरोबर पाच-सात मिनिटे चांगल्या उकळा, पूर्ण गार करा, निथळा आणि मग वापरा. उष्णतेने ते द्रव्य निकामी होते.

उन्हाळ्यात भांडे दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहू देऊ नका. उरलेच तर पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा.

आणि मैत्रिणींनो, माणसे मोजताना स्वतःलाही धरा बरं का! “तुम्ही घ्या, मी मागाहून खाईन,” असं म्हणणारीच्या वाट्याला शेवटी भांडंच खरवडायला येतं.