जमीन सरकली, पण कशी?

२८ मार्च २०२५च्या म्यानमार भूकंपाचा तो सीसीटीव्ही व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये येऊन गेला असेल. एका आवाराचं गेट, पलीकडे रस्ता. आधी सगळं थरथरतं. आणि मग गेटपलीकडची अख्खी जमीन झाडाझुडपांसकट उजवीकडे सर्रकन निघून जाते. एडिट नाही, एआय नाही. जपानच्या क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी हा व्हिडिओ फ्रेम-बाय-फ्रेम मोजला, तेव्हा उत्तर आलं : जमीन सुमारे अडीच मीटर सरकली आणि त्याला फक्त १.३ सेकंद लागले.

भूगोलाच्या पुस्तकात आपण ज्याला भ्रंश म्हणतो तो हा फॉल्ट. आता अडचण बघा. म्यानमारचा फॉल्ट साडेचारशे किलोमीटरहून जास्त लांब फाटला आणि व्हिडिओ दाखवतो त्यातला एक बिंदू. तोही जमिनीवरचा. दहा-पंधरा किलोमीटर खोल काय झालं ते बघायला कोण कॅमेरा लावणार? तिथे कामाला येतात भूकंपमापकांवरच्या वेड्यावाकड्या रेघा.

कसं ते समजायला गणपतीच्या मिरवणुकीत जाऊ. समजा, लक्ष्मी रस्त्यावरून ढोल-ताशाचं पथक चाललंय. तुम्ही खिडक्या बंद करून घरात बसलात, पण रस्त्यावरच्या वीस घरांमध्ये मोबाइलवर आवाज रेकॉर्ड होतोय. पथक कुठून निघालं, कुठे रेंगाळलं, कुठल्या चौकात जोरात वाजलं, हे सगळं त्या वीस रेकॉर्डिंगवरून काढता येईल ना? भूकंपशास्त्रज्ञ हेच करतात. कॉम्प्युटरवर फॉल्टच्या पृष्ठभागाचे लहान लहान चौकोन पाडायचे. यातला एकच चौकोन एक मीटर सरकला तर प्रत्येक स्टेशनवर कशी रेघ उमटेल, हे आधी काढायचं. मग कुठला चौकोन किती आणि कधी सरकला असं धरलं तर सगळ्या रेघा मिळून खऱ्या रेकॉर्डशी जुळतात, हे शोधत बसायचं. याचं नाव स्लिप मॉडेल. गणित अवघड आहे, पण कल्पना एवढीच.

याने नेमकं काय कळतं ते बघायचं तर २५ एप्रिल २०१५चा नेपाळचा भूकंप घ्या. तीव्रता ७.८, बळी जवळजवळ ९ हजार. टीव्हीवर केंद्रबिंदू दाखवला तो गोरखा जिल्ह्यात, काठमांडूच्या वायव्येला सुमारे ८० किलोमीटरवर. पण सर्वाधिक माणसं गेली सिंधुपाल्चोक जिल्ह्यात, म्हणजे काठमांडूच्याही पलीकडे पूर्वेला! नकाशावरचा तो लाल ठिपका इथे चक्क दिशाभूल करतो. ठिपका म्हणजे फाटायला सुरुवात झाली ती जागा, बस. स्लिप मॉडेल सांगतं की तिथून फाट पूर्वेकडे धावत सुटली, सेकंदाला साधारण तीन किलोमीटर वेगाने, आणि पन्नासेक सेकंदांत सुमारे १४० किलोमीटर गेली. वाटेत काठमांडूच्या खालून आणि उत्तरेकडून. पथक तुमच्याच दिशेने पळत येत असेल तर आवाजही एकावर एक चढून आदळतो, तसंच हे.

काठमांडूत आणखी एक गोष्ट घडली. तिथे आणि आसपास सेकंदाला पाच नोंदी घेणारी जीपीएस यंत्रं होती, शहरात कंपनमापकही होता. त्यांच्या नोंदींवरून दिसलं की एकेका जागेचं सरकणं पाच-सहा सेकंद चाललं होतं आणि त्याची सुरुवात हळुवार होती. म्यानमारच्या त्या गेटपाशी झालं तसा झटका नव्हे. त्यात काठमांडूचं खोरं म्हणजे जुन्या तळ्याचा गाळ. तो एकेका हेलकाव्याला चार-पाच सेकंद घेत डुलत राहिला. दोन-तीन मजली घराचा स्वतःचा हेलकावा सेकंदाच्या आत संपतो, त्यामुळे शहरातली पुष्कळशी बुटकी घरं भीती होती त्यापेक्षा बरी तगली. उंच धरहरा मनोरा मात्र कोसळला. डोंगरातल्या दगड-मातीच्या घरांना अशी सवलत मिळाली नाही, तिथे गावंच्या गावं आडवी झाली.

म्हणून ‘रिश्टर किती होता?’ हा आपला आवडता प्रश्न मला अपुरा वाटतो. ७.७ आणि ७.८ मध्ये आकड्याचा फरक नावापुरता, आणि सरकण्याची तऱ्हा बघा किती वेगळी.

आता या मॉडेलवर कितपत विश्वास ठेवायचा? डोळे झाकून नाही. एकाच भूकंपाची दोन टीमनी केलेली मॉडेलं शेजारी ठेवली तर ढोबळ चित्र जुळतं, बारकावे बरेचदा जुळत नाहीत. कारण वेगवेगळे चौकोन वेगवेगळे सरकवूनही जवळपास त्याच रेघा मिळू शकतात. यावर संशोधकांनी आपल्याला ओळखीचा उपाय काढलाय : परीक्षा. कॉम्प्युटरवर खोटा भूकंप घडवायचा, त्याच्या रेघा सगळ्यांना वाटायच्या, उत्तर लपवून ठेवायचं आणि नंतर ताडून बघायचं. सोर्स इन्व्हर्जन व्हॅलिडेशन नावाचा हा प्रकल्पच आहे.

एवढी मेहनत घ्यायची कारण मॉडेल जे सरकलं नाही तेही दाखवतं. नेपाळमध्ये फाट जमिनीपर्यंत आलीच नाही. काठमांडूच्या दक्षिणेकडे फॉल्टचा वरचा भाग अजून अडकून आहे. गोरख्याच्या पश्चिमेला तर १५०५ नंतर मोठा भूकंपच झालेला नाही. तिथल्या खडकांत ताण साठतोय आणि वर माणसं राहतायत.

नेपाळ लांब वाटत असेल तर कोयनेकडे या. १० डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला तेव्हा धरणाच्या आतच कंपनमापक बसवलेला होता. त्याने टिपलेली नोंद जगभरचे धरण-इंजिनीअर आजही आपली गणितं तपासायला वापरतात. कोयनेत छोटे भूकंप अजून होतात, आणि तिथला फॉल्ट जवळून समजावा म्हणून गोठणे इथे तीन किलोमीटर खोल बोअर घेतलंय. हे काम कराडच्या प्रयोगशाळेचं. मुंबई-पुण्याहून एका दिवसाच्या अंतरावर.

फिजिक्स, सिव्हिल किंवा कोडिंगवाल्यांसाठी एक टिप. भूकंपाच्या पुष्कळ नोंदी इंटरनेटवर फुकट आहेत आणि त्या वाचायला पायथॉनमधलं ऑब्स्पाय हे टूलही फुकट आहे, म्हणजे प्रोजेक्टचा विषय तयार. बाकीच्यांनी पुढच्या मोठ्या भूकंपानंतर अमेरिकेच्या यूएसजीएसच्या साइटवर त्या भूकंपाचं पान उघडून ‘फाइनाइट फॉल्ट’ शोधावं. ते लगेच नसतं, काही तास थांबावं लागतं. रंगीत चौकोनांचा एक नकाशा दिसेल. गडद रंग जिथे आहे, तिथे जमीन जास्त सरकली.