जुनी काया, नवा सांगाडा

मोटारीची काया वेगळी आणि तिचा सांगाडा वेगळा, ही गोष्ट आपल्या देशात फारशी समजावून सांगावी लागत नाही. कित्येक दशके आपल्या हमरस्त्यांवरून मालमोटारींच्या उघड्या चासी ओळीने जात असत. चाके, एंजिन आणि सुकाणू एवढेच काय ते जागेवर. ना केबिन, ना हौदा. तात्पुरत्या आसनावर बसलेला, कान-डोके फडक्याने गुंडाळलेला चालक ती चासी कारखान्यातून दूरच्या कार्यशाळेकडे घेऊन जाई, आणि तेथे सुतार व पत्राकाम करणारे कारागीर मालकाच्या गरजेप्रमाणे तिच्यावर अंग चढवीत. सांगाडा नवा आणि अंगही नवे, असा तो व्यवहार होता. अमेरिकेतील हौशी कारागिरांनी या व्यवहाराला निराळे वळण दिले आहे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या पिकअपचे, म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या छोट्या मालगाडीचे, जुने अंग ते उचलतात आणि त्यामानाने अलीकडच्या गाडीच्या चासीवर बसवतात. वरवर पाहता हा केवळ छंद वाटतो. परंतु या कामात जे प्रश्न सोडवावे लागतात, त्यांच्या उत्तरांवर चालकाचा आणि रस्त्यावरील इतरांचा जीव अवलंबून असतो.

या कामाचे एक परिचित उदाहरण शेव्हरोले पिकअपचे आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, शेव्हरोलेने ‘ॲडव्हान्स डिझाइन’ या नावाने मालगाड्यांची नवी मालिका बाजारात आणली. ती १९५५ च्या आरंभापर्यंत चालली. गोलसर बॉनेट, आडव्या पट्ट्यांची जाळी आणि फुगीर मडगार्डे यांमुळे ही गाडी आजही दुरून ओळखू येते. शेव्हरोलेचे नाव आपल्याकडेही परके नव्हते. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला होता आणि तो १९५४ साली बंद होईपर्यंत त्या नावाच्या गाड्या तेथे जुळवल्या जात. अमेरिकेत मात्र ही पिकअप शेतकऱ्याच्या आणि लहान दुकानदाराच्या रोजच्या कामाची गाडी होती, आणि म्हणून तिच्याविषयी तेथील लोकांना घरच्या माणसासारखा जिव्हाळा वाटतो.

असे असता तिला तिच्याच सांगाड्यावर का ठेवू नये? याचे उत्तर वेगात आहे. या मालिकेच्या आरंभीच्या गाड्यांत सहा सिलिंडरांचे, सुमारे साडेतीन लिटरचे एंजिन असे आणि त्याची शक्ती सुमारे ९० अश्वशक्ती होती. मागच्या आसाचे दाते ओझे ओढण्याच्या हिशेबाने ठेवलेले असत: दांडा चारांहून थोडे अधिक फेरे फिरे, तेव्हा चाकाचा एक फेरा पुरा होई. शेतातून बाजारपेठेपर्यंत पोते-पेटारे नेण्यास ही योजना उत्तम. परंतु आजच्या द्रुतगती मार्गावर इतर गाड्यांच्या वेगाने जायचे, तर एंजिनाची दमछाक होते. पुढे दोन्ही चाकांना जोडणारा एक अखंड आस कमानपाट्यांवर बसवलेला असल्यामुळे एका चाकाला बसलेला हिसका दुसऱ्या चाकालाही जाणवतो. चारही चाकांना ब्रेक होते, पण ते ड्रमचे. आणि त्यांना तेलाचा दाब पुरवणारा मुख्य सिलिंडर एकेरी होता. एखादी नळी फुटली, की चारही चाकांचे ब्रेक एकदम जात.

म्हणून कारागीर दुसऱ्या एखाद्या गाडीच्या चासीकडे वळतात. शेव्हरोलेचीच ‘एस-१०’ ही लहान पिकअप १९८२ ते २००४ या मॉडेल-वर्षांत मोठ्या संख्येने निघाली. तिची चासी स्वतंत्र, शिडीच्या आकाराची. केवळ मागच्या चाकांना गती मिळणाऱ्या तिच्या प्रकारात पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्र असून गुंडाळीच्या स्प्रिंगांवर तोललेली असतात. पुढे डिस्क ब्रेक असतात. एंजिन, गिअरबॉक्स, सुकाणू आणि ब्रेक हे सारे एकमेकांशी आधीच जुळलेले मिळते, हे तिचे मुख्य आकर्षण होय.

आता मापांचा विचार करू. पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर हे पहिले माप. जुन्या अर्ध्या टनी ‘३१००’ पिकअपमध्ये ते ११६ इंच आहे. ‘एस-१०’च्या आखूड प्रकारात ते १०८.३ इंच, साध्या केबिनच्या लांब प्रकारात ११७.९ इंच आणि वाढीव केबिनच्या प्रकारात १२२.९ इंच असते. यावरून लांब प्रकाराची चासी जुन्या अंगाला जवळची, हे उघड आहे. तरीही जवळजवळ दोन इंचांचा फरक उरतोच, आणि हे दोन इंच कोठे जिरवायचे ते चासीला करवत लावण्यापूर्वी ठरवावे लागते. पुढचे चाक मडगार्डाच्या कमानीच्या मध्यावर आले पाहिजे, त्यावरून केबिनची जागा ठरते, केबिनवरून हौद्याची, आणि मग मागचे चाक हौद्याच्या मडगार्डात नेमके कोठे येते ते दिसते. हा क्रम उलटा केला, तर गाडी चालते, पण तिची चाल कायमची चुकल्यासारखी दिसते.

दुसरे माप रुंदीचे. ‘एस-१०’ अंगाने अरुंद असल्यामुळे तिची चाके जुन्या फुगीर मडगार्डांत फार आत दडतात. चाक आणि हब यांच्यामध्ये जाड चकत्या घालून ती बाहेर आणणे हा सोपा उपाय. पण चाक जितके बाहेर सरकते, तितका बेअरिंगवरचा भार वाढतो. योग्य ठेवणीची चाके निवडणे हा अधिक विचारी मार्ग असला, तरी तेथेही या भाराचा हिशेब सुटत नाही. तिसरे माप उंचीचे. नव्या चासीच्या तुळया मागच्या आसावरून जाताना वर उचललेल्या असतात. साहजिकच हौद्याची लाकडी फळ्यांची जमीन तेथे वर घ्यावी लागते आणि हौदा तितका उथळ होतो. चाणाक्ष कारागीर चासी समतल ठेवून, ओळंबा सोडून, प्रत्येक बिंदू कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने उतरवून घेतो. मग केबिन लाकडी ठोकळ्यांवर तोलून कित्येक दिवस नुसती मापे घेत बसतो. बघणाऱ्याला तो काळ वाया गेल्यासारखा वाटतो. वस्तुतः सारे काम त्या दिवसांतच होत असते.

यानंतर खरी जोडणी. चासी ही अगदी ताठ वस्तू नव्हे. एक चाक खड्ड्यात गेले, की शिडीसारख्या त्या सांगाड्याला पीळ पडतो. केबिन मात्र पत्र्याची पेटी. तिला पीळ सोसत नाही. जुन्या शेव्हरोलेच्या रचनाकारांना हे पुरेपूर ठाऊक होते. म्हणून त्यांनी केबिनच्या मागच्या बाजूला झुलत्या कड्या ठेवल्या होत्या; खाली सांगाडा वळला, तरी वरची पेटी आपल्या जागी सैलपणे डोलत राही. नव्या चासीवर ती केबिन थेट वितळजोड करून घट्ट बसवली, तर काही महिन्यांतच दरवाजे लागेनासे होतात आणि खांबांच्या मुळाशी पत्र्याला चिरा पडू लागतात. म्हणून आधार चासीच्या तुळईवर पक्के करायचे आणि केबिन त्यांवर रबराच्या बैठकींतून टेकवायची, हा नियम आहे. आधारांसाठी भोके पाडायची, तर ती तुळईच्या उभ्या अंगाला. वरच्या-खालच्या पट्ट्यांना भोक पाडू नये, कारण भार पडताना सर्वांत अधिक ताण त्या पट्ट्यांवर येतो. आपल्याकडील मालमोटारी बांधणाऱ्या जाणत्या कारागिरांनाही हा नियम नवा नाही.

सुकाणू आणि ब्रेक यांच्या बाबतीत तर तडजोडीला जागाच नाही. जुन्या केबिनमधील सुकाणूचा दांडा आणि नव्या चासीवरील सुकाणूची पेटी एका रेषेत क्वचितच येतात. मध्ये वळते सांधे घालावे लागतात. एका सांध्याला साधारणपणे तीस-पस्तीस अंशांहून अधिक वळण दिले, तर चक्र फिरवताना ते मधेच अडखळते. आणि तीन सांधे घातले, तर मधल्या दांड्याला स्वतंत्र बेअरिंगचा आधार द्यावाच लागतो. ब्रेकची गोष्ट अशीच. जुन्या गाडीत मुख्य सिलिंडर केबिनच्या जमिनीखाली होता आणि पायपट्ट्या जमिनीतून वर येत. ‘एस-१०’मध्ये सिलिंडर एंजिनासमोरच्या पडद्यावर बसतो. जुन्या केबिनचा हा पडदा त्या कामासाठी घडवलेला नाही. संकटसमयी चालकाने पूर्ण बळाने पाय दाबला, तर तो पत्रा वाकतो आणि ते बळ ब्रेकपर्यंत पोचत नाही. त्याला मागून जाड पट्टीचा आधार द्यावा, किंवा सिलिंडर पुन्हा जमिनीखाली चासीवर न्यावा. अमेरिकेत १९६८ पासून मोटारींना दुहेरी ब्रेकव्यवस्था अनिवार्य झाली. एक शाखा निकामी झाली, तरी दुसरी चालू राहावी, हा त्यामागील हेतू. चासीबरोबर हा लाभ आपोआप मिळतो, पण तो टिकवणे जोडणाऱ्याच्या हाती असते.

येथे एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. चासी नवी, म्हणून गाडी नव्या गाडीइतकी सुरक्षित, असे मुळीच नाही. नवी गाडी अपघातात माणसाला वाचवते ती सांगाडा आणि काया या दोहोंच्या एकत्रित रचनेमुळे. १९५० च्या केबिनमध्ये ती रचना नाही: समोरचा फळा कठीण पत्र्याचा, सुकाणूचा दांडा आघाताने दबून आखूड न होणारा, आणि पुष्कळ गाड्यांत पेट्रोलची टाकी चक्क बैठकीच्या पाठीमागे, केबिनच्या आत. टाकी बाहेर चासीवर न्यावी, दबणारा दांडा घालावा, आसनपट्ट्या बसवाव्यात. आणि त्या पट्ट्यांची टोके जमिनीच्या पातळ पत्र्यात न अडकवता जाड पोलादाचा आधार देऊन बांधावीत. इतके करूनही ती गाडी तिच्या मूळ रूपापेक्षा सुरक्षित होईल, आजच्या गाडीच्या बरोबरीची होणार नाही. काम पुरे झाल्यावर वजनकाट्यावर पुढच्या आणि मागच्या आसाचा भार वेगवेगळा तोलून पाहावा, म्हणजे चासीच्या सोसण्याच्या मर्यादेत आपण आहोत की नाही ते कळते.

इतका खटाटोप पाहिला, की मूळ प्रश्नाकडे परत यावेसे वाटते: हे काम करावे की न करावे? जुना सांगाडा गंजाने खाल्लेला किंवा अपघातात वाकलेला असेल, किंवा केबिन एकटीच कोठे तरी गवतात पडलेली सापडली असेल, तर नव्या चासीने तिला पुन्हा रस्ता दाखवणे हे पुण्यकर्मच म्हणावे. पण गाडी धडधाकट, सर्व भागांनिशी शाबूत असेल, तर केवळ वेगासाठी तिचा सांगाडा भंगारात घालणे हा एका ऐतिहासिक वस्तूचा नाश आहे. तिच्याच चासीवर पुढे डिस्क ब्रेक, दुहेरी सिलिंडर आणि वेगाला अनुकूल असा मागचा आस बसवता येतो. हे बदल पुढेमागे काढूनही टाकता येतात. कापलेले अंग मात्र पूर्ववत होत नाही.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. अमेरिकेत अशा गाडीची नोंद कोणत्या वर्षाची आणि कोणत्या क्रमांकाची करायची, याविषयी निरनिराळ्या राज्यांचे नियम निरनिराळे आहेत. काही ठिकाणी तपासणी होऊन नवे कागद मिळतात. एका गाडीची क्रमांकपट्टी काढून फसवणुकीसाठी दुसरीवर लावणे हा तर गुन्हाच. आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मनमानी फेरबदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ही मनाई ठामपणे उचलून धरली. २०२१ साली ऐतिहासिक वाहनांसाठी जे नियम झाले, त्यांत पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली वाहनेच मान्य झाली. चासी किंवा काया बदललेली गाडी त्या मानाला पात्र ठरत नाही. तेव्हा अमेरिकेतील या कामाची नक्कल येथे करू पाहणाऱ्याने हत्याराला हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे इष्ट.

‘मिलिंदपञ्हो’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंद याला रथाविषयी विचारतो. आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, असे विचारीत तो राजाला या निष्कर्षाप्रत आणतो, की ‘रथ’ हे त्या सर्व भागांच्या एकत्र येण्याला दिलेले नाव आहे. आपल्या पिकअपलाही हा विचार लागू पडतो. केबिन १९५० ची आणि चासी १९९० ची असलेली गाडी ही १९५० ची गाडी नव्हे आणि १९९० चीही नव्हे. तिला कोणतेही एकच वर्ष चिकटवले, की पुढच्या माणसाची दिशाभूल होते. दहा वर्षांनी ती दुसऱ्याच्या हाती जाईल. त्या वेळी एखादा कामगार कागदावरचे साल पाहून ब्रेकचे सामान मागवील, ते बसणार नाही, आणि घाईत ठोकून-ठाकून बसवलेला भाग उताराच्या रस्त्यावर दगा देईल. म्हणून चांगला कारागीर गाडीसोबत एक वही ठेवतो. चासी कोणत्या गाडीची, ब्रेक कोणत्या वर्षाचे, आधार कोठे बसवले, कोणता सांधा कोणत्या अंशात आहे, हे सारे तो तीत स्वच्छ अक्षरात लिहितो आणि किल्लीबरोबर ती वहीही नव्या मालकाच्या हवाली करतो.