खोदणं तीन आठवड्यांचं, भरणं तीन महिन्यांचं

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीसाठी बाई टेबलावर आडवी झाली, की तिच्या पोटऱ्यांखाली मोठा चौकोनी ठोकळा सरकवतात. पाय वर उचलले गेले की कंबरेचा बाक टेबलाला टेकतो आणि मणके सुटे दिसतात. साडीची पिन, धातूचे हूक आधीच काढून ठेवलेले असतात. सकाळी कॅल्शियमची गोळी घेतली का, हेही विचारतात. पोटात न विरघळलेली गोळी मणक्याच्या मापात मिसळू शकते. मग खुब्याची पाळी. पाऊल आत वळवून पट्ट्याने बांधतात आणि यंत्राचा हात संथपणे वरून फिरतो.

दुखत काहीच नाही. हाती येतो तो टी-स्कोअर, म्हणजे तरुण वयातल्या सरासरी हाडाशी केलेली तुलना. उणे २.५ किंवा त्याहून खाली आकडा गेला, की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखली.

आकडा खाली का जातो? ‘कॅल्शियम कमी झालं’ हे घरोघरी मिळणारं उत्तर अर्धंच आहे.

हाड जिवंत असतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दर वर्षी नवा होतो. वसई-विरारच्या रस्त्यांवर एक टोळी खोदत जाते आणि दुसरी मागून भरत येते, तसंच हे काम. ऑस्टिओक्लास्ट ही अनेक केंद्रकांची पेशी हाडाला घट्ट चिकटते, आम्ल सोडून खनिज विरघळवते आणि विकरांनी कोलॅजन तोडते. तिचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. तोच खड्डा भरायला ऑस्टिओब्लास्ट पेशींना तीन-चार महिने लागतात. हाडातच रुतलेल्या ऑस्टिओसाइट पेशी ताण ओळखून दोघींना इशारे देतात.

इस्ट्रोजेन खोदणाऱ्यांना आवरून धरतं. पाळी गेली की तो लगाम सुटतो: खोदणाऱ्या पेशी वाढतात, जास्त जगतात, आणि भरणाऱ्या मागे पडतात. मणक्यातलं जाळीदार हाड आधी झिजतं, कारण तिथे खोदायला पृष्ठभागच जास्त.

पाचूबंदरला मासळीच्या पाट्या वाहणारी कोळीण किंवा वसईहून भाजीचे भारे घेऊन लोकलने मुंबई गाठणारी बाई म्हणेल, ‘जन्मभर ओझी उचलली, माझी हाडं कशी ठिसूळ होतील?’ ओझ्याने हाड बळकट होतं, हे खरं. पण पाळी गेल्यावरची झीज केवळ कष्टाने थांबत नाही. स्टेरॉइडच्या दीर्घ वापरानेही हाड विरळ होतं, आणि पुरुषही यातून सुटत नाहीत.

पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. नाचणी, दूध, तीळ, काट्यासकट खाल्लेली सुकी मासळी यांतून ते मिळतं. मात्र ते फक्त भरणाऱ्यांना लागणारं सामान झालं. खोदणाऱ्यांना आवरायला अ‍ॅलेंड्रोनेटसारखी औषधं आहेत. ही गोळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घेऊन किमान अर्धा तास ताठ बसायचं किंवा उभं राहायचं असतं. खोदणाऱ्यांनाच आवरणारं सहामाही डेनोसुमॅबचं इंजेक्शन परस्पर बंद केलं, तर झीज उसळते आणि मणके दबू शकतात.

पन्नाशीनंतर घरातलं कुणी ओल्या ओट्यावर घसरलं, हात टेकला आणि मनगट मोडलं, तर प्लास्टर निघालं म्हणून विषय मिटवू नका. खुबा मोडायची वाट न बघता डॉक्टरांना डेक्साबद्दल विचारा.